घरात एकाला टीबी, मग बाकीच्या धडधाकटांनी गोळ्या का घ्यायच्या?

वाचकाचं पत्र : वडिलांना (वय ६१) फुफ्फुसाचा टीबी निघाला. ट्रूनॅट (थुंकीतले जंतू शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आहे, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रेझिस्टन्स नाही असं रिपोर्टवर लिहिलंय. औषधं सुरू होऊन तीन आठवडे झाले. आता आशाताई म्हणतात की घरातल्या सगळ्यांनी प्रतिबंधक गोळ्या घ्या. घरात आई (५५, शुगर आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू), मी (३३), बायको (चौथा महिना चालू आहे) आणि तीन वर्षांची मुलगी (वजन १२ किलो). आम्हाला कुणालाच काही होत नाही. सगळ्यांना बीसीजीची लस दिलेली आहे. काका म्हणतात, आत्ता उगाच औषधं खाल्लीत तर उद्या खरंच टीबी झाल्यावर ती लागू पडणार नाहीत. शिवाय वडिलांना काही महिने वाडीतल्या जुन्या घरात वेगळं ठेवावं असंही सगळ्यांचं म्हणणं आहे. काय करावं? — चिपळूण तालुक्यातील एक वाचक

उत्तर :

गोळ्या घ्या. फक्त चौघांच्या गोळ्या सारख्या नसतील, आणि पहिली गोळी घेण्याआधी एक तपासणी आहे ती गाळू नका. वडिलांना वेगळं पाठवायची गरज नाही.

काकांची शंका आधी घेऊ, कारण ती अगदीच हवेतली नाही. फुफ्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णाच्या अंगात टीबीचे जंतू कोट्यवधी असतात. त्यात आयसोनियाझिडला (टीबीचं मुख्य औषध, प्रतिबंधक गोळ्यांतही हेच असतं) दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एखादा, औषध न घेताही, आपोआप तयार झालेला असतो. अशा माणसाला एकटं आयसोनियाझिड दिलं की बाकीचे मरतात आणि तेवढे निगरगट्ट उरतात, वाढतात. म्हणून तर वडिलांना पहिले दोन महिने चार औषधं एकदम दिली जातात. पण ज्याला संसर्ग झालाय आणि आजार झालेला नाही, त्याच्या अंगात जंतू मोजकेच आणि दबून बसलेले असतात. त्यात मुळात निगरगट्ट जंतू सापडण्याची शक्यताच फार कमी, म्हणून तिथे एक-दोन औषधं पुरतात. म्हणजे धोका गोळीत नाही. आजारी माणसाला निरोगी समजून गोळी देण्यात आहे.

म्हणून आधी ही तपासणी. प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचे : खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री घाम सुटतो का. एरवी दोन आठवड्यांचा खोकला झाला की संशय घेतात; रुग्णाच्या घरात राहणाऱ्याला चार दिवसांचाही खोकला सांगायचा. ‘पावसाळी खोकला आहे’ म्हणून आईनं लपवला तर सगळी गणितं बिघडतात. मुलीच्या बाबतीत तिचं वजनाचं कार्ड पाहा; गेल्या दोन-तीन महिन्यांत रेघ वर चढलेली नाही, किंवा पोर खेळायचं सोडून मरगळून बसतंय, तर ते लक्षण धरायचं. तुम्ही आणि आई छातीचा एक्स-रे काढून घ्या. एकही उत्तर ‘हो’ आलं किंवा एक्स-रेत डाग दिसला तर थुंकी ट्रूनॅट किंवा तशाच सीबीनॅट चाचणीला जाईल, आणि तो निकाल हातात येईपर्यंत प्रतिबंधक गोळी थांबेल. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. गरज पडली तर सकाळी उपाशीपोटी नळीनं पोटातला द्रव घेऊन तपासतात. ते मोठ्या रुग्णालयात होतं.

संसर्ग झालाय की नाही हे सांगणाऱ्या चाचण्या वेगळ्या. माँटू चाचणीत हातावर सुई देतात आणि ४८ ते ७२ तासांत वाचतात. लाली मोजायची नाही, बोटाला लागणारा कडक फुगवटा मोजायचा, तोही हाताच्या आडव्या दिशेनं. बहुतेक ठिकाणी चूक होते ती इथेच : चौथ्या दिवशी जाणं, नाहीतर नुसता लाल डाग मोजून मोठा आकडा लिहिणं. १० मिमी किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. बीसीजी घेतलेल्यात ही चाचणी कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही नवी त्वचाचाचणी बीसीजीत नसलेली प्रथिनं वापरते, त्यामुळे तिच्यात हा घोळ होत नाही. तिथे ५ मिमीपासून पॉझिटिव्ह धरतात. रक्तावरची इग्रा चाचणीही तशीच, बीसीजीनं न फसणारी. यातली कुठलीही चाचणी ‘आजार आहे’ असं सांगत नाही, फक्त ‘जंतूशी गाठ पडलीय’ एवढंच सांगते. आणि पाच वर्षांखालच्या मुलाला तर अशी चाचणी लागतच नाही. आजार नाही एवढी खात्री झाली की औषध सुरू. मोठ्यांनाही चाचणी उपलब्ध नाही म्हणून औषध अडवून ठेवू नये, असं देशाच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. (रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ओळखणाऱ्या चाचण्यांवर आपल्याकडे २०१२पासूनच बंदी आहे. कुणी अजून सुचवलीच, तर पैसे वाचवा.)

बीसीजीचं म्हणाल, तर तिच्यावर एवढी भिस्त ठेवू नका. ती लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं संरक्षण देते, म्हणून जन्मताच देतात. मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीसाठी तिची सर्वांत मोठी परीक्षा आपल्याच देशात झाली : तामिळनाडूच्या चिंगलपेट भागात १९६८पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर. निकाल असा की मोठ्यांना त्या आजारापासून संरक्षण मिळालं नाही. एम७२ नावाच्या नव्या लशीची शेवटच्या टप्प्यातली चाचणी मार्च २०२४मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. आज तुमच्या घराला तिचा उपयोग नाही.

आता ‘आम्हाला काही होत नाही’ याबद्दल. संसर्ग झालेल्या मोठ्या माणसांपैकी आयुष्यभरात ५ ते १० टक्क्यांना आजार होतो, पण त्यातला बराचसा पहिल्या दोन वर्षांत. लहान मुलांचं गणित याहून कठोर आहे. २०२०मध्ये ४६ अभ्यासांतल्या सुमारे १ लाख ३७ हजार मुलांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा पाच वर्षांखालच्या, चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या आणि प्रतिबंधक औषध न मिळालेल्या मुलांत दोन वर्षांत टीबी होण्याचं प्रमाण १९ टक्के निघालं. चाचणी पॉझिटिव्ह असलेल्या मुलांना औषध दिलं तर धोका ९१ टक्क्यांनी घटला. बरीचशी मुलं पहिल्या तीन महिन्यांतच आजारी पडली होती. तुमचे तीन आठवडे आधीच गेलेत. घरात क्रम लावायचा तर मुलगी पहिली.

औषध आहे जुनंच. आयसोनियाझिड १९५२चं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अलास्कातल्या गावांत जॉर्ज कॉमस्टॉक यांनी ते वर्षभर देऊन पाहिलं, टीबी सुमारे ७० टक्क्यांनी घटला, आणि तो परिणाम १९ वर्षांनीही टिकून होता. मुदत किती ठेवायची यावर युरोपातल्या २८ हजार लोकांवरचा अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. त्यांच्या फुफ्फुसांत जुने व्रण होते. रोज आयसोनियाझिड १२ आठवडे दिलेल्यांत टीबी २१ टक्क्यांनी घटला, २४ आठवडे दिलेल्यांत ६५ टक्क्यांनी, वर्षभर दिलेल्यांत ७५ टक्क्यांनी. म्हणजे सहा महिन्यांचा कोर्स तिसऱ्या महिन्यात ‘आता बरंय’ म्हणून सोडला तर हाती जवळपास काही लागत नाही. दुसरी बाजूही सांगतो : दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत सुमारे २७ हजार कामगारांना मोहीम म्हणून हे औषध देऊ केलं, तेव्हा खाणीतला एकूण टीबी कमी झाला नाही. औषध चालू असेपर्यंत संरक्षण होतं, पण रोज नव्यानं संसर्ग होत असेल तिथे ते टिकत नाही. तुमच्या घरातला स्रोत एकच आहे आणि त्याच्यावर उपचार चालू आहेत. हे औषध चालण्यासारखी हीच परिस्थिती.

छोटा कोर्स हवा म्हणून रिफापेंटिन आलं. आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन मिळून आठवड्यातून एकदा, १२ आठवडे. याला ३एचपी म्हणतात. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा कोर्स नऊ महिने रोजच्या आयसोनियाझिडसमोर ठेवला. टीबी झाला ३एचपीच्या ३,९८६ जणांपैकी ७ जणांना, आणि आयसोनियाझिडच्या ३,७४५ जणांपैकी १५ जणांना. कोर्स पुरा केला अनुक्रमे ८२ आणि ६९ टक्के लोकांनी. यकृताला इजा ०.४ टक्के विरुद्ध २.७ टक्के.

आता एकेकाचं. तुम्ही : ३एचपी. १४ वर्षांवरील माणसाला दर आठवड्याला दोन्ही औषधं ९०० मिलिग्रॅम. एकत्रित गोळी मिळाली तर ३ गोळ्या. सुटी मिळाली तर रिफापेंटिन १५०च्या ६ आणि आयसोनियाझिड ३००च्या ३, म्हणजे एकाच वेळी ९. पाहून दचकू नका, आठवड्याचा डोस तेवढाच आहे. जेवणाबरोबर घ्या, अन्नासोबत रिफापेंटिन जास्त शोषलं जातं. वार ठरवून टाका. दारू घेत असाल तर तीन महिने पूर्ण बंद. ‘फक्त शनिवारी’ हेही नाही, कारण यकृतावर दोघांचा मारा एकदम होतो. रोज घेणारे असाल तर आधी यकृताची तपासणी करून घ्या.

आई : ३एचपी चालेल, पण शुगरवर डोळा ठेवून. मधुमेहात टीबीचा धोका मुळात दोन-तीन पट असतो, तेव्हा औषध टाळू नका. रिफापेंटिनमुळे यकृत ग्लिमेपिराइड लवकर संपवून टाकतं, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत शुगर चढलेली दिसू शकते. मेटफॉर्मिनचं तसं होत नाही. आठवड्यातून निदान दोनदा उपाशीपोटीची शुगर मोजून वहीत लिहा. डॉक्टर ग्लिमेपिराइड वाढवतील. खरा घोळ त्यानंतरच होतो : बारावा डोस झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत रिफापेंटिनचा हा परिणाम ओसरतो, वाढवलेली गोळी मात्र तशीच चालू राहते आणि शुगर एकदम घसरते. शेवटच्या डोसच्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून ‘आता गोळी कधी कमी करायची’ हे विचारून ठेवा. हे सांभाळणं जमणार नसेल, तर रोजचं आयसोनियाझिड सहा महिने हा सरळ पर्याय आहे. आईला रक्तदाबाची, थायरॉइडची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तीही दाखवा. रिफापेंटिन यांच्यातल्या अनेकींचा जोर कमी करतं. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच.

पत्नी : ३एचपी नाही. गरोदरपणात तो कोर्स देत नाहीत. आयसोनियाझिड सहा महिने, रोज वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ३००, आणि सोबत बी-६ची गोळी. आयसोनियाझिड बी-६ खातं आणि त्यानं हातापायांना मुंग्या येतात. देशाच्या सूचनांनुसार गरोदरपणात हे देता येतं. पण हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि टीबीचे वैद्यकीय अधिकारी दोघांनी मिळून घ्यावा. एचआयव्ही असलेल्या गरोदर महिलांवरच्या एका मोठ्या अभ्यासात (२०१९) बाळंतपणापूर्वी औषध सुरू केलेल्यांत गर्भाला त्रास होण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. तुमच्या पत्नीची एचआयव्ही तपासणी नोंदणीच्या वेळी झालेली असणारच. ती निगेटिव्ह असेल तर तो निकाल तिला जसाच्या तसा लागू नाही, पण डॉक्टरांनी तोलून पाहावा. सुरू केलं तर यकृताची तपासणी आधी आणि नंतर महिन्याला. बाळंतपणानंतर अंगावर पाजायला हरकत नाही.

मुलगी : मुलांना आयसोनियाझिड किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे तिला रोज १२०च्या आसपास. मुलांची १००ची गोळी मिळते, एक की दीड हे आरोग्य केंद्रावर वजनगटाच्या तक्त्यावरून ठरवतील. दोन वर्षांवरील मुलांना ३एचपीही देता येतं. तिच्या वजनाला आठवड्यातून एकदा दोन्ही औषधं प्रत्येकी ३००. बारा वेळा की सहा महिने रोज, यात आईवडिलांना पहिलंच सोपं पडतं. दर महिन्याला वजन करा, वाढलं की मात्रा बदलते. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये हे विसरलं जातं.

डोस चुकला तर? समजा तुमचा वार रविवार आहे. मंगळवारपर्यंत आठवलं तर लगेच घ्या, पुढचा नेहमीसारखा रविवारी. गुरुवारी आठवलं तर गुरुवारी घ्या आणि यापुढे गुरुवारच धरा. दोन डोसांत चार दिवसांपेक्षा कमी अंतर नको, भरपाई म्हणून एकदम दोन डोस तर मुळीच नकोत. १६ आठवड्यांत १२पैकी ११ डोस झाले की कोर्स पूर्ण धरतात. रोजच्या आयसोनियाझिडचे निदान ८० टक्के डोस सुमारे आठ महिन्यांच्या आत व्हायला हवेत.

लघवी, घाम, अश्रू केशरी होतील. ते रिफापेंटिनचं आहे, घाबरू नका. साध्या कॉन्टॅक्ट लेन्सवर मात्र कायमचे डाग पडतात. ३एचपीच्या तिसऱ्या-चौथ्या डोसनंतर काही तासांत थंडी-ताप, अंगदुखी, चक्कर असं फ्लूसारखं होऊ शकतं. सौम्य असेल तर दिवसभरात ओसरतं, तरी पुढच्या डोसआधी सांगा. चक्कर येऊन पडलात, श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, तर पुढचा डोस नाही. आणि कुठल्याही कोर्समध्ये अन्नावरची वासना उडाली, मळमळ-उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, लघवी चहासारखी काळसर, डोळे पिवळे यांपैकी काही दिसलं, तर गोळी त्याच दिवशी थांबवायची आणि यकृताची तपासणी करायची. ‘उद्या आशाताई येतील तेव्हा विचारू’ असं नाही. यकृताचा त्रास वाढत्या वयात जास्त दिसतो, तेव्हा यात आईकडे जास्त लक्ष.

तुम्ही कोकणातले, म्हणून हे मुद्दाम : बांगडा, कुपा यांसारखी मासळी बर्फाविना राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. एरवी शरीर ते पचवतं. आयसोनियाझिड त्या कामात अडथळा आणतं. श्रीलंकेत अशा रुग्णांच्या नोंदी आहेत : मासे खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लालबुंद, डोकं ठणकणं, छातीत धडधड. मासे सोडू नका, पण सकाळचा बांगडा संध्याकाळच्या बाजारातून नको.

वडिलांना वाडीत पाठवण्याबद्दल : १९५६मध्ये मद्रासमध्ये हाच प्रश्न प्रयोग करून तपासला. निम्म्या रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना औषधं देऊन घरीच, तेही दाटीवाटीच्या गरीब घरांत. घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण पाच वर्षं पाहिलं. घरी ठेवल्यानं ते वाढलं नाही. संसर्ग व्हायचा तो निदान होण्याआधीच्या महिन्यांतच होऊन गेलेला असतो, आणि औषधं लागू पडली की पसरणं झपाट्यानं कमी होतं. तूर्त मुलीला त्यांच्या खोलीत झोपवू नका, खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेवा, खोकताना मास्क, थुंकी झाकणाच्या डब्यात आणि रोज जाळून किंवा पुरून. ताटवाटी, कपडे, अंथरूण वेगळं काढायची गरज नाही; टीबी हवेतून पसरतो. एकट्या घरात त्यांची गोळी चुकली तर मात्र सगळंच महागात जाईल.

त्यांच्या ताटाकडे लक्ष द्या. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण आणि त्यांच्या १०,३४५ घरच्यांवर झालेला अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना तर शिधा दिलाच, पण निम्म्या गटातल्या घरच्यांनाही दिला : माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. दिवसाला ती साधारण ५० ग्रॅम डाळ होते, नेहमीच्या जेवणाच्या वर. ती गरीब, कमी वजनाची घरं होती, तुमचं वजन ठीक असेल तर एवढा फरक पडणार नाही. पण वडिलांसाठी महागडा प्रोटीनचा डबा आणण्यापेक्षा डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध बरं. त्याच अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. वडील ५० किलोचे असतील तर अडीच किलो. टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४पासून, आधी ५०० होते) त्यांच्या खात्यात येतात का, तेही पाहा.

दोन कामं राहिली. वडिलांच्या रिपोर्टमध्ये रिफाम्पिसिनचं कळलं, आयसोनियाझिडचं नाही. त्यासाठीची एलपीए चाचणी पाठवली आहे का, हे केंद्रावर विचारा. वडिलांचे जंतू आयसोनियाझिडला दाद देत नाहीत असं निघालं, तर तुमचा कोर्स बदलून चार महिने रिफाम्पिसिन असा होईल. निकालासाठी मुलीचं औषध मात्र थांबवू नका.

आणि वडिलांची औषधं सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत घरी मुक्काम केलेला प्रत्येक जण घरातलाच धरतात, एक रात्र राहिला असला तरी. गणपतीला किंवा लग्नकार्याला पुण्या-मुंबईहून कुणी येऊन राहिलं असेल, विशेषतः लहान पोरं घेऊन, तर त्यांना वडिलांचा निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीतला क्रमांक) कळवा. तो घेऊन त्यांनी जवळच्या महापालिका दवाखान्यात जावं. तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत. माहितीसाठी १८००-११-६६६६. कोर्स झाल्यावर दोन वर्षं तरी, कुणालाही खोकला लागला की ‘आमच्या घरात टीबी होता’ हे वाक्य डॉक्टरांना आधी सांगा.